अण्णा काठाला लागले

पायलटबाई म्हटलं की नवखी माणसं वर आभाळाकडे बघायची. मग तिला बोटानं खाली पाणी दाखवावं लागे. विमानाची नव्हे हो, जहाजाची पायलट. समुद्रातून आलेलं जहाज शहराच्या बंदरात न्यायचं आणि बंदरातलं जहाज समुद्रात सोडून यायचं, हे तिचं काम. मधला रस्ता म्हणजे कालवा. तो माणसांनी यंत्रं लावून खणलेला होता, आणि खणताना हात जरा आखडताच घेतलेला होता. एक मोठं जहाज ऐसपैस जाईल एवढी रुंदी. दोन समोरासमोर आली की दोघांनी अंग चोरायचं.

हे अंग चोरणं शिकायला तिची उमेदीची वर्षं गेली होती. कालव्याच्या मधोमध पाणी खोल, म्हणून जहाजं मधोमधच येतात, नाकासमोर नाक धरून. बघणाऱ्याला वाटावं, झाली आता टक्कर. आणि ऐन वेळी दोघं एकदम आपापल्या उजवीकडे वळतात. दोन नाकांच्या मध्ये पाणी दाटतं आणि तेच दोघांना हलकेच बाजूला सारतं. पायलट लोक याला वाट देणं म्हणतात. दोघांनी दिली तरच ती वाट. एकटेच वळलात तर तोलून धरायला समोरचं पाणी नसतं, आणि काठ जहाजाची शेपूट ओढून घेतो. म्हणून आधी रेडिओवर बोलून घ्यायचं. मी अमुक वळणावर आहे, मी वाट देतो, तुम्ही द्या. समोरच्याचं तोंडही कधी बघितलेलं नसतं. नुसत्या आवाजावर विसंबून एवढं मोठं धूड वळवायचं असतं.

अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सगळी हयात अशी वाट देण्यात घालवली. तिलाही त्यांनीच शिकवलं. जेवायच्या टेबलावर आपल्या दोन चपला ठेवून ते त्या एकमेकींवर सोडायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आता ताटात पण चपलाच वाढू का?" अण्णा म्हणायचे, "थांब गं, दोघींना जाऊ दे सुखरूप."

निवृत्तीनंतर अण्णा कालव्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसू लागले. पहिली काही वर्षं बरी गेली. मग त्यांच्या डोक्यातलं कॅलेंडर सुटलं. एखाद्या दिवशी चहा पिता पिता त्यांना वाटायचं, आपण जहाजावरच आहोत. निरोप समारंभात ऑफिसनं त्यांना एक हातातला रेडिओ भेट दिला होता. तो उचलून ते बटण दाबायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "खालच्या वळणावर आहे. आत येतोय. समोर कोण?"

जुने पायलट समजून घ्यायचे. "या अण्णा, वाट देतो," म्हणायचे आणि हसून आपल्या कामाला लागायचे. अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या उजवीकडे झुकायचे, मग सावकाश सरळ व्हायचे आणि रुमालानं कपाळ पुसायचे. एक जहाज सुखरूप गेलं. दिवसाला असं एखादं गेलं की त्यांना जेवण जायचं, झोप लागायची. आई म्हणायची, "माझ्याशी चार शब्द बोलत नाहीत. पण बोलतायत ना कुणाशी तरी, मग बोलू देत."

पण जुने पायलट एकेक करून घरी बसले आणि नव्यांना अण्णा माहीत नव्हते. एका नवख्यानं त्यांचा आवाज खरा धरला, समोर नसलेल्या जहाजासाठी वेग तोडला, आणि मागून येणारं जहाज त्याच्या अंगावर येता येता राहिलं. दुसऱ्या दिवशी टॉवरवाल्यानं तिला बोलावून घेतलं. कालव्यातली सगळी ये-जा टॉवरवरून तोच सांभाळायचा. माणूस भला, पण सदा पित्त झाल्यासारखा.

"पायलटबाई, घरचं बघा जरा."

"बघते."

"असं वरवर नको. परत तो आवाज कालव्यात आला तर साहेब तुमचं लायसन्स काढून घेणार आहेत. मला तसं स्पष्ट सांगितलंय. आणि खरं सांगू? साहेबांचं चुकत नाही. उद्या कुणी वळलं आणि काठाला लागलं तर?"

ती टॉवरवाल्याच्या जागी असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

म्हणून त्या सकाळी अण्णा दाढीला बसलेले बघून तिनं खुर्चीतला रेडिओ उचलला, मागचं झाकण सरकवलं, बॅटरी काढून जाकिटाच्या खिशात टाकली आणि रेडिओ होता तसा ठेवून दिला. वळून बघते तर आई दारात उभी.

"काढलीस?"

"काढली."

"माणसाची जीभ काढल्यासारखं आहे ते."

"मग तू सांग मी काय करू. नोकरी जाईल माझी, आई."

"मी कुठं काय म्हणतेय? मी आपली तुझा डबा द्यायला आलेय." आईनं डबा हातात दिला, पण नेहमीसारखी फाटकापर्यंत आली नाही.

निघताना अण्णांच्या गालाला साबण तसाच होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या जाकिटाच्या खिशाकडे. म्हणाले, "आज धुकं दाट होणार आहे. सांभाळून ये." बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या दिवशी तिच्याकडे बाहेर जाणारं एक जहाज होतं, पोटभर धान्य भरलेलं, बुडाला जड. कप्तान तरुण आणि फार अदबशीर. दर थोड्या वेळानं तिच्यापुढे बिस्किटांचा डबा धरायचा आणि ती नको म्हणाली की स्वतः एक खायचा. सुकाणूवर एक बुटका, अबोल माणूस होता. बंदर सुटलं, गोदामं मागे गेली, दोन्ही बाजूंना मातीचे सरळसोट काठ लागले, आणि पांढरं धुकं उतरलं. कुणीतरी वरून चादर सोडावी तसं, भर दुपारी. कालव्यात जहाज मागे फिरवता येत नाही. वेग कमी करायचा आणि रडारच्या पडद्यावर बघत पुढे जायचं, एवढंच हातात असतं. पडद्यावर कालवा रिकामा होता. टॉवरवाल्यानंही सांगितलं, "समोर कुणी नाही. सावकाश या."

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"खालच्या वळणावर आहे. आत येतोय. समोर कोण?"

तिचा हात आपोआप खिशात गेला. बॅटरी तिथंच होती, अंगाच्या उबेनं कोमट झालेली.

"हे कोण?" कप्तानानं विचारलं. पडद्यावर वाकून बघत म्हणाला, "इथं तर काहीच नाही."

"समोर कोण?" अण्णांनी पुन्हा विचारलं. आवाज घरातला नव्हता. घरातला आवाज हल्ली थकलेला असायचा, मध्येच विरायचा. हा जहाजावरचा आवाज होता, तिच्या लहानपणीचा, मागे इंजिनाची घरघर असलेला.

कप्तान तिच्याकडे बघत होता. सुकाणूवाला बघत होता. टॉवरही ऐकत असणार. 'मी आहे अण्णा' एवढंच म्हणायचं होतं. पण वळायचं म्हणजे पडद्यावर नसलेल्या जहाजासाठी हे भरलेलं जहाज काठावर घालायचं. आणि वळायचं नाही म्हणजे...

"म्हातारं माणूस आहे एक," ती म्हणाली. "घरी बसून खेळतं. लक्ष देऊ नका. सरळ ठेवा."

म्हणून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. म्हातारं. खेळतं. गल्लीतल्या मांजराबद्दल बोलावं तसं ती बोलली होती.

रेडिओवर काही क्षण नुसती घरघर आली. मग अगदी हळू, "पोरी, वाट दे."

सुकाणू सरळ राहिलं.

मग सुकाणूवाला पहिल्यांदाच बोलला. "बाई, मी काही केलेलं नाही. पण नाक सरकतंय."

सरकत होतं. कुणी हात न लावता जहाजाचं नाक उजवीकडे कलत होतं, समोरून दुसरं मोठं जहाज आलं की कलतं तसं. तळव्यांखाली एक थरथर आली. ती त्यांच्या इंजिनाची नव्हती. तिची लय वेगळी होती, जुन्या यंत्रांची जड लय. डाव्या बाजूच्या खिडकीबाहेर धुकं एकाएकी गडद झालं, जशी एखादी उंच भिंत जवळून चालत जावी, आणि गार वाऱ्याचा झोत आत आला. कप्तानाच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. भिंत जात राहिली, जात राहिली, आणि मग संपली. त्यांच्या जहाजाची शेपूट एकदा तिच्या मागे ओढली गेली आणि सुटली.

मागे, बऱ्याच अंतरावर, मातीत लोखंड घुसल्याचा लांबलचक आवाज झाला.

"लागलो," अण्णा रेडिओवर म्हणाले. चिडून नाही, तक्रार म्हणून नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. पुढे काहीच आलं नाही.

जहाज समुद्रात सोडून ती छोट्या बोटीत उतरली तेव्हा आईचा फोन आलेलाच होता. अण्णा खुर्चीतच उजवीकडे कलंडले होते. हातात रेडिओ होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं ते डॉक्टर सांगतात तसंच होतं. डोक्यातली रक्तवाहिनी, उजवी बाजू, वेळ लागेल, आशा सोडू नका, धरूही नका. काही दिवसांनी अण्णांना घरी आणलं. त्यांना खिडकीत बसवलं की ते उजवीकडे कलायचे. उशा लावल्या, पट्टा बांधला, खुर्ची भिंतीला टेकवली. सरळ करावं आणि पाठ फिरवावी, की पुन्हा तसेच. डोळे उघडे, कालव्यावर खिळलेले. पायाला हात लावला तर गार, आणि कितीही पुसले तरी दमट.

ऑफिसात तिचं कौतुक झालं. टॉवरवाला म्हणाला, "तुम्ही डोकं शाबूत ठेवलंत. दुसरा कुणी असता तर वळला असता." ती हो म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिली.

आईला तिनं त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. आई वेड्यात काढेल असं तिला वाटलं होतं. कदाचित काढावं असंच वाटत होतं. आईनं पदराला हात पुसले आणि एवढंच विचारलं, "तू वाट नाही दिलीस?"

"पडद्यावर जहाज नव्हतं, आई."

"ते मला नको सांगूस. दिलीस की नाही?"

"नाही दिली."

"मग त्यांनी एकट्यानं दोघांचं वळण घेतलं असणार." आई खिडकीतल्या कललेल्या माणसाकडे बघत राहिली. "तुला धक्का लागू नये म्हणून स्वतः काठात गेले. त्यांचा स्वभावच तसा. बसमध्ये सुद्धा दुसऱ्याला जागा देऊन स्वतः दारात लोंबकळायचे."

मग आई म्हणाली, "काढ आता त्यांना."

"कसं काढू?"

"जहाज काठाला लागलं की काढता कसं तुम्ही? मला काय विचारतेस? मी काय पायलट आहे?"

कसं काढतात ते तिला ठाऊक होतं. मोठं जहाज जवळून वेगानं गेलं की आधी काठाचं पाणी खाली ओढलं जातं, चिखल उघडा पडतो, आणि मग ते सगळं पाणी फुगून परत येतं. रुतलेलं जहाज त्या फुगवट्यावर कधी कधी सुटतं. पण जाणाऱ्यानं मधलं खोल पाणी सोडून काठाकडे वळायला हवं. एकट्यानं, समोर कुणी नसताना. पायलटनं हे करू नये, हे तर अण्णांनी तिला चपलांवर शिकवलं होतं.

हवं तसं जहाज यायला थोडे दिवस गेले. मग एका सकाळी भरतीच्या वेळी आत येणारं एक प्रचंड जहाज तिच्या वाट्याला आलं. ऊन होतं, दोन्ही काठ स्वच्छ दिसत होते. खालच्या वळणाशी उजव्या काठावर तिला काहीच दिसलं नाही. नुसती माती, थोडं गवत. फक्त तेवढ्याच पट्ट्यात एकही पक्षी बसलेला नव्हता. बाकी काठ पक्ष्यांनी भरला होता.

तिनं वेग वाढवायला सांगितलं. या जहाजाचा कप्तान वयस्कर आणि जाड भुवयांचा होता. त्यानं भुवया वर केल्या, पण कालव्यात पायलटचं ऐकायचं असतं.

तिनं रेडिओचं बटण दाबलं. "अण्णा, मी आहे. येतेय. वाट देते."

टॉवरवाल्याचा आवाज लगेच आला. "पायलटबाई? समोर कुणी नाही. कुणाशी बोलताय?"

सगळा कालवा ऐकत होता. तिला ते माहीत होतं.

"माझ्या वडिलांशी," ती म्हणाली. "खालच्या वळणावर लागलेत. माझ्यामुळं लागलेत. काढायला निघालेय." आणि कप्तानाकडे न बघता म्हणाली, "उजवीकडे घ्या."

जहाज वळलं. काठ जवळ येऊ लागला, इतका की गवताची पाती वेगळी दिसावीत. ती शेपटीच्या ओढीची वाट बघत राहिली. आता ओढेल. आता. पुढचं पाणी काठावरून सरसर खाली गेलं, काळा चिखल उघडा पडला, आणि त्या चिखलात एक लांब, खोल चर दिसला, एखाद्या जहाजाच्या बुडाएवढा. चराच्या आत पाणी नव्हतं. आणि आजूबाजूचं पाणी त्यात शिरतही नव्हतं, तिथं जणू काही ठेवलेलं होतं.

ओढ आलीच नाही. काठ आणि जहाज यांच्यामध्ये काहीतरी होतं, आणि ते जहाजाला अलगद तोलून धरत होतं. हा तोल तिनं कुठंही ओळखला असता. सायकल शिकताना पाठीमागून धरलेल्या हातासारखा.

मग पाणी फुगून परत आलं, चरावर चढलं, आणि लोखंड मातीतून सुटल्याचा आवाज झाला. ते हललं. तिनं सुकाणू सरळ करायला सांगितलं. जहाज मधोमध आलं, मऊपणे, काहीच न झाल्यासारखं.

मग टॉवरवाल्याचा आवाज आला, पित्त वगैरे सगळं उतरलेला.

"पायलटबाई. तुमच्यामागं पाणी दुभंगत येतंय. दोन्हीकडे लाट सुटलीय. मी दुर्बिणीतून बघतोय."

"बरं."

"अहो, बरं काय? जहाज नाहीये त्याच्यावर."

फोन वाजला तेव्हा ती बंदरात दोर बांधून घेत होती. आई रडत होती की हसत होती ते कळेना. "बसले गं. सरळ बसले. पट्टा सोडला तरी सरळ."

साहेबांनी लायसन्स टेबलावर ठेवून जायला सांगितलं. चौकशी होईल तेव्हा होईल. ती ठेवून निघाली. जिन्यात टॉवरवाला भेटला. तो बाजूला सरून उभा राहिला.

घरी अण्णा खिडकीत ताठ बसले होते. तोंड अजून वाकडं होतं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. तिला बघून त्यांचे डोळे भरले. शब्द जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"मी... एकटा नव्हतो."

"कोण होतं अण्णा?"

"मागं. रांग." त्यांनी डाव्या हातानं समुद्राकडे बोट केलं. "मी अडकलो. म्हणून सगळे... अडकले. जुने पायलट. माझ्याही आधीचे. घरी यायचंय त्यांना."

आई चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "किती जण आहेत हो?" तिनं विचारलं, पाहुणे जेवायला येणार असल्यासारखं.

अण्णांनी मान हलवली. मोजलेले नव्हते.

त्यांनी डाव्या हातानं रेडिओ चाचपला, तोंडापाशी नेला, पण बोटांना बटण दाबायचं बळ येईना. दोनदा घसरला. मग त्यांनी तो तिच्यापुढे धरला. हुकूम नव्हता तो. मागणंही नव्हतं, नुसताच धरला.

तिनं खिशातून बॅटरी काढली आणि आत बसवली. रेडिओ जिवंत झाला, आणि त्यातून आवाज येऊ लागले. एकामागून एक, अनोळखी पुरुषांचे, थकलेले, पण रीत न सोडलेले आवाज. मी वरच्या वळणावर. मी खालच्या. मी कालव्याच्या तोंडाशीच आहे, आत येतोय. समोर कोण?

पायलटबाईनं अण्णांच्या खुर्चीशेजारी बैठक मारली आणि बटण दाबलं.

"मी आहे," ती म्हणाली. "या. सावकाश या."

खिडकीबाहेर ऊन होतं, कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता, आणि काठाचं पाणी सगळं एकदम खाली जाऊ लागलं होतं.